नाही म्हणणाऱ्याच्या रथावर

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १ ते १०

मंडळी, काल पहिला अध्याय संपला. अर्जुनाने धनुष्यबाण टाकले आणि तो रथातच बसून राहिला. तोंड कोरडं पडलंय, अंग थरथरतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, मन भिरभिरतंय, हे सगळं त्याने स्वतःच सांगितलं. ४७ श्लोकांच्या त्या अध्यायात भगवंतांच्या वाट्याला बोलणं किती आलं? एक वाक्य. बाकी सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

आज ते बोलतात, आणि पहिले शब्द कडक आहेत. ही दुबळेपणाची गोष्ट तुला शोभत नाही, मनाचा कमकुवतपणा टाक आणि ऊठ, असा अर्थ. आपल्याला हे दोन श्लोक फार आवडतात. कोणी खचून बसलं की आपण हेच ऐकवतो. मन घट्ट कर, पुरुषासारखा पुरुष तू, रडतोस काय.

पण पुढे नववा श्लोक नीट वाचा. एवढं ऐकून अर्जुन उठला का? नाही. मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. साक्षात भगवंतांनी दटावलं तरी माणूस उठला नाही, हे गीतेनेच लिहून ठेवलंय. मग दहाव्या श्लोकात भगवंत काय करतात? रागावून रथ सोडून जात नाहीत. चेहऱ्यावर हसू ठेवून, दोन्ही सैन्यांच्या मधोमध, पुन्हा बोलायला लागतात. खरी गीता तिथून पुढे आहे, त्या "नाही"च्या नंतर.

आमच्या करंजातल्या एका ताईंनी देवळात मला एक प्रश्न विचारला होता, तो आज आठवला. त्यांचा नवरा बोटीवर जाणारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळेच पुरुष घरी, म्हणून आधी कोणाला काही वाटलं नाही. मग नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, हा गेला नाही. रात्र रात्र जागा. जेवण अर्धं टाकतो. जाळ्याला हात लावत नाही. पोरीशी हसून बोलत नाही, आणि बोलला तर खेकसतो. अंगारा झाला, नवस झाला. डॉक्टरचं नाव काढलं की एकच वाक्य, "मला ठाण्याला टाकायचंय का तुला?" ताई म्हणाल्या, "मी आता काय करू, सांगा."

अर्जुनाचा विषाद आणि डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात तो आजार एकच, असं मी म्हणत नाही. दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, उमेद, कशातही रस, हे सगळं जायला लागलं तर तो आजार असू शकतो, आणि आजाराला वैद्य लागतो. पण बसून राहिलेल्या माणसाच्या शेजारी कसं राहायचं, हे मात्र या दहा श्लोकांतून शिकता येतं.

पहिली गोष्ट, आधी ऐका. "तुला काय कमी आहे" हे वाक्य घरातून काढून टाका. "झोप येत नाही का रे? कधीपासून?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. तो पाच मिनिटं बोलला तरी त्या दिवसाचं काम झालं.

दुसरी, "नाही"च्या मागची भीती ओळखा. आपल्याकडे ठाण्याला जाणं म्हणजे वेडं ठरणं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, चार पिढ्या हीच भीती ऐकत आल्यात. त्याला शांतपणे सांगा, की डिप्रेशनच्या बहुतेक लोकांना दाखल व्हावंच लागत नाही. दवाखान्यात जायचं, बोलायचं, लागलं तर गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही रुग्णाच्या बाजूचा आहे. बायकोने सांगितलं म्हणून कोणी उचलून नेत नाही. आणि हो, भाजीत गोळी लपवून देऊ नका. कळलं की विश्वास जातो, आणि त्याच विश्वासावर पुढचं सगळं उभं आहे.

मनाच्या डॉक्टरला नाही म्हणतो ना? मग नेहमीच्या डॉक्टरकडे झोपेसाठी चल म्हणा. थायरॉइड, बी-१२ तपासून घेऊ म्हणा. यात खोटं काही नाही, हेही तपासावंच लागतं. दार छोटं असलं तरी आत जाता येतं.

काही जण विचारतील, देवावर विश्वास असताना डॉक्टर कशाला? मंडळी, आपण राहतो कुठे? द्रोणागिरीच्या पायथ्याशी. मारुतीराय पर्वत घेऊन जाताना त्याचा तुकडा इथे पडला, असं आपली जुनी माणसं सांगतात. तो पर्वत कशासाठी निघाला होता? लक्ष्मण निपचित पडला तेव्हा प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र उशाशी होते. तरीही औषध सांगितलं सुषेण वैद्याने. मारुतीरायांना ती वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्यांनी अख्खा पर्वतच आणून ठेवला. वनस्पती ओळखायचं काम त्यांनी वैद्यावर सोडलं. ताई, तुमचंही काम तेवढंच आहे. तुम्ही वैद्य नाही, औषधही नाही. नवरा तुमच्या प्रेमाने बरा झाला नाही तर तुमचं प्रेम कमी पडलं, असं अजिबात नाही. पर्वत जवळ आणून ठेवायचा, एवढंच आपल्या हातात.

तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जा. समुपदेशक घरच्या माणसाशीही बोलतात, काय बोलावं, काय टाळावं ते सांगतात. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन लावायला नवऱ्याची परवानगी लागत नाही.

अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. निर्णय त्याचाच ठेवतात. आपणही ठेवायचा. फक्त एका ठिकाणी नाही. "मी नसलो तर बरं" असं तो बोलायला लागला, निरवानिरव करायला लागला, तर वाट बघायची नाही. सरळ विचारा, "जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट आतलं बाहेर येतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. उंदराचं औषध, जादा गोळ्या, दोर घरातून हलवा. दिराला, भावाला, शेजाऱ्याला हाक मारा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. ११२ लावा. तिथे त्याच्या नाराजीपेक्षा त्याचा जीव मोठा. तो रागावेल. रागवायला जिवंत तर राहील!

आणि शेवटचं, ताईंसाठी. जयद्रथवधाच्या दिवशी, ऐन लढाईत, भगवंतांनी रथाचे घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं, आणि मगच पुन्हा जुंपले. दमलेल्या घोड्यांनी रथ ओढत नाही, हे सारथ्याला माहीत होतं. तुमची झोप, तुमचं जेवण, आठवड्यातून एकदा माहेरी जाऊन मनातलं बोलणं, हा स्वार्थ नव्हे. आणि आजार आहे म्हणून मारहाण सोसायची, असंही धर्म सांगत नाही.

ताईंच्या घरी अजून "नाही"च आहे. पण परवा त्या एकट्याच फोनवर अर्धा तास बोलल्या, एवढं मला कळलंय. नववा श्लोक चालू आहे म्हणा. दहावा त्याच्याच पुढे आहे.

आजचा नेम : घरात किंवा शेजारी कोणी गप्प बसलं असेल, तर उपदेश न करता आज त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा.

हे द्रोणागिरी माते, जे बसलेत त्यांना उठायचं बळ दे, आणि जे त्यांच्या शेजारी बसलेत त्यांना टिकायचं बळ दे.

उद्या श्लोक ११ पासून पुढे.

राम कृष्ण हरी.