ती लढते, आणि आपण?



‘मिस मार्व्हल’ हे नाव आपल्या धर्मग्रामातल्या तरुणांना विचारले, तर ते लगेच ओळखतील. आजी-आजोबांना ते ठाऊक नसेल. ही २०२२ च्या जून-जुलैमध्ये आलेली सहा भागांची अमेरिकन मालिका. कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. तिचे घराणे कराचीचे, १९४७ च्या फाळणीत पोळलेले. पणजीची बांगडी हातात घालताच तिच्यात अचाट शक्ती जागी होते. तिच्या आईचे काम आपल्या मुंबईच्या झेनोबिया श्रॉफ यांनी केले आहे.

अशा कथांचा शेवट आपल्याला पाठ असतो. नायिका दुष्टाला लोळवते, लोक टाळ्या वाजवतात. या मालिकेच्या शेवटच्या भागात मात्र थोडे वेगळे घडते. कामरान नावाच्या एका मुलाला पकडण्यासाठी सरकारी माणसे शस्त्रे घेऊन शाळेला वेढा घालतात. त्याने नुकतीच आई गमावली आहे आणि अंगातली शक्ती त्याला आवरता येत नाही. कमला त्याला समजावते, लोकांना वाचवते आणि त्याला निसटायला वाट करून देते. पण मग बंदुका तिच्याकडे वळतात. तेव्हा आजवर बघ्याची भूमिका घेणारे शेजारीपाजारी पुढे येतात आणि तिच्या व त्या शस्त्रांच्या मध्ये उभे राहतात. कोणी हात उगारत नाही. ते फक्त हटत नाहीत.

येथे आपल्यासाठी एक प्रश्न आहे. शूर व्यक्तीचे कौतुक केले की आपले कर्तव्य संपते का? की कौतुक करता करता आपण आपलेच काम तिच्या खांद्यावर टाकून मोकळे होतो?

आपल्याकडच्या प्रौढांना १९८५ ची दूरदर्शनवरची ‘रजनी’ आठवत असेल. बासू चटर्जींची मालिका आणि प्रिया तेंडुलकर नायिका. रजनीकडे कसलीच जादू नव्हती. साडी नेसलेली, घर सांभाळणारी ही बाई गॅस सिलिंडरपासून टॅक्सीपर्यंत प्रत्येक अडवणुकीला जाब विचारायची. टॅक्सीचालकांवरचा भाग इतका झोंबला, की मुंबईत त्यांनी निषेध केला. घराघरांत लोक म्हणत, “अशी एक रजनी आपल्या गल्लीत हवी.” या वाक्यातच मेख आहे. रजनी हवी, पण ती दुसऱ्याच्या घरातली हवी! १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, पण त्या कायद्यालाही तक्रार करणारा ग्राहक लागतोच. कोणी तक्रारच केली नाही, तर कायदा कपाटात राहतो.

कोणी म्हणेल, “फादर, बोलणे सोपे आहे. आम्ही साधी माणसे. पुढे झालो तर आम्हालाच भोगावे लागते.” हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. नीतिशास्त्रातही कर्तव्य आणि पराक्रम यांत भेद केला जातो. ज्यात सर्वस्व पणाला लागते, असे धाडस आपण कोणाकडून मागू शकत नाही. घोटीहून नाशिकला कॉलेजला जाणाऱ्या मुलीला एस.टी.त कोणी त्रास देत असेल, तर एकट्या प्रवाशाने उठणे हा पराक्रम ठरेल. पण दहा जण उठले तर? प्रत्येकाच्या वाट्याची भीती दहाव्या हिश्श्याची होते आणि कालचा पराक्रम आज साधे कर्तव्य होऊन बसतो. म्हणून आपण एकमेकांना सर्वांत आधी देणे लागतो ती सोबत. आपण बसून राहतो, तेव्हा उभ्या राहिलेल्याचे ओझे वाढवतो.

याचे रोकडे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांचे मतदान घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे असतात. बाटली आडवी करायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचे न दिलेले मतही उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडते. तिथे कितीही शूर असली तरी एकटी नायिका कामाची नाही, शेजारणी लागतात.

अर्थात जमाव चुकीच्या बाजूलाही उभा राहतो. संशयावरून माणसांना मारणारे जमाव आपण पाहिले आहेत. फरक ओळखणे अवघड नाही. एक जमाव दुबळ्यावर चालून जातो, दुसरा दुबळ्याच्या पुढे ढाल होतो.

ॲरिस्टॉटलने सांगितले आहे, की धैर्याची कामे करता करताच माणूस धैर्यवान होतो. तेव्हा सुरुवात लहान असू द्या. रेशनच्या रांगेत म्हातारीला कोणी मागे ढकलले, तर “आजींचा नंबर आधी आहे” एवढे म्हणा. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका, दोघे-तिघे मिळून दार वाजवा.

मुले अशा मालिका पाहत असतील तर त्यांना जरूर पाहू द्या. शेवटचा भाग संपल्यावर मात्र त्यांना एक विचारा : त्या गर्दीत आपण असतो, तर कुठे उभे राहिलो असतो? आणि त्यांनी हाच प्रश्न उलटून आपल्याला विचारला, तर उत्तर तयार ठेवा.

आपले धर्मगुरू