अर्ध्या विद्येचे ओझे

वैद्यकविद्या ही मुळात हाताने शिकावयाची विद्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ती पडद्यावर गेली. परंतु सुजलेल्या यकृताची कड बोटांना कशी लागते, हे पडदा काय सांगणार? पुढे मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ अपुरे पडले, तेव्हा याच अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, अध्यापकांच्या देखरेखीखाली, कोविडच्या सौम्य रुग्णांची विचारपूस करण्यास नेमण्याची मुभा केंद्र शासनाने दिली. त्यांच्या मनावरील ताणाला परीक्षेची धास्ती म्हणणे उथळपणाचे होईल. संसर्गाचे भय होतेच. पण तेवढेच नव्हे. शिकणाऱ्यास चुकण्याचा अधिकार असतो, कारण चूक सावरणारा गुरू शेजारी उभा असतो. त्या दिवसांत गुरूच थकून गेला होता. मग चुकीचा भार कोणी वाहावयाचा? रुग्ण तर त्यांना ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारीत होते.