निकालानंतर बोलायचे कुठे?

दरवर्षी १ जुलैला धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे वर उचलले जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत ते खाली यायचे नसतात. पावसाळ्याचे हे चार महिने गोदावरीचे पाणी अडथळ्याविना तेलंगणातल्या पोचमपाड धरणाकडे, म्हणजेच श्रीरामसागराकडे, जाऊ द्यायचे. २९ ऑक्टोबरपासून पुढच्या जूनअखेरपर्यंत महाराष्ट्राने या बंधाऱ्यातून जास्तीत जास्त २.७४ टीएमसी पाणी वापरायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी हे ठरवून दिले. केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक, असे तीन प्रतिनिधी त्यावर देखरेख करतात.

नदीकाठच्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा आहे. ऑक्टोबर सरता सरता पाऊस थांबलेला असतो, नदीचा ओघ ओसरू लागलेला असतो. मग दरवाजे टाकून अडवायचे काय? जे अडते त्यातलेही उन्हाळा तोंडावर असताना सोडून द्यायचे. ही तारीख थोडी अलीकडे का येऊ नये? या प्रश्नावर पुढे काही बोलणे होण्याआधीच एक वाक्य आडवे येते : निकाल लागला आहे.

वाद मिटला म्हणजे त्यावरचे बोलणेही मिटले का, हा प्रश्न बाभळीपेक्षा कितीतरी जुना आहे. आपल्या समाजाने वेगवेगळ्या काळात त्याला वेगवेगळी उत्तरे दिली. ती एकापुढे एक ठेवून पाहिली तर बाभळीच्या बाबतीत नेमके काय राहून गेले आहे, ते दिसते.

मराठेशाहीत वतनाचा वाद गोतसभेपुढे जाई. वादी आणि प्रतिवादी दोघेही आधीच राजीनामा लिहून देत, की सभा करील तो निवाडा मान्य. दोघांकडून जामीन घेतले जात. निवाडा झाला की महजर, म्हणजे निवाडापत्र, होई आणि त्यावर देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी-निशाण्या पडत. मग हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेतले जाई : माझे म्हणणे खोटे ठरले, यापुढे हा वाद सांगणार नाही. निकाल वरून लादण्यापेक्षा, हरलेल्याच्या हातून, चारचौघांच्या साक्षीने तो मान्य करवून घेण्यावर त्या व्यवस्थेचा भर होता.

तरीही वाद मिटत नसत. पाटीलकीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालल्याची कागदपत्रे महाराष्ट्रात भरपूर आहेत. राज्य बदलले, अंमलदार बदलला की हरलेला जुने कागद घेऊन नव्या दरबारी उभा राही. तिथे त्याचे ऐकले गेले तर जिंकलेल्याला साक्षीदार पुन्हा गोळा करावे लागत, जामीन पुन्हा उभे करावे लागत. ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि ओळख अधिक, तोच अशा अखंड चर्चेत टिकून राहत असणार. न संपणारा वाद दुबळ्याच्या बाजूचा असतो असे वाटते खरे, पण वतनांचा इतिहास तसे सांगत नाही.

इंग्रजी अमलात दुसरे उत्तर आले. दावा लावायला मुदत आणि एकदा निकाली निघालेला मुद्दा त्याच पक्षांमध्ये पुन्हा चालवायला मनाई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ हेच सांगते. आता हरलेल्याच्या संमतीची गरज उरली नाही. त्याचे ऐकणेच बंद झाले. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण स्वतंत्र भारतात हाच विचार सर्वत्र रुळला. शेताच्या बांधावरून आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची पाळी ज्याच्यावर येऊ शकली असती, त्या लहान शेतकऱ्याचे या नियमाने फार मोठे रक्षण केले, हे मान्य केले पाहिजे.

जमिनीच्या वादाला हे उत्तर पुरले, कारण जमीन आहे तिथेच राहते. नदीचे तसे नाही. तिच्यातले पाणी वर्षागणिक बदलते, वर नवे धरण झाले की खालचे गणित बदलते. घटनाकारांनी हे ओळखले होते. अनुच्छेद २६२ ने आंतरराज्य नद्यांचे तंटे वेगळे ठेवायची वाट मोकळी केली आणि १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याने ते लवादाकडे सोपवले. पण लवादाच्या निवाड्याबाबतही पहिला ओढा शेवटचा शब्द एकदाच बोलून टाकण्याचाच होता.

त्याच १९५६ साली या भागावर दुसरा एक शेवटचा शब्द उच्चारला गेला. राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले, तसेच देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले तेलंगणाच्या बाजूला गेली. आदिलाबादकडून किनवट मराठी मुलखात आले. धर्माबाद नांदेडातच राहिले. बासरची सरस्वती आणि धर्माबादचा मिरची बाजार यांच्यामध्ये राज्याची सीमा आली, तरी सोयरिकी, देणीघेणी आणि दोन्ही भाषांतले बोलणे चालूच राहिले.

ही सीमा बदलावी असे कोणी गंभीरपणे म्हणत नव्हते. पण तेलंगण राज्य झाल्यावर काही वर्षांनी धर्माबाद आणि आसपासच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणारी पेरणीची मदत आणि वीज इकडच्यांना दिसत होती. सीमा तसूभर हलली नाही आणि हलायलाही नको होती. तरी ते बोलणे वाया गेले असे मला वाटत नाही. १९५६ साली काढलेल्या रेषेच्या या बाजूला राहणाऱ्याला आज काय मिळते, याचा हिशेब मुंबईने द्यायचा आहे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. निर्णय कायम ठेवूनही त्याच्या परिणामांवर बोलता येते, आणि ते बोलणे ऐकण्याजोगे असते.

पाण्याच्या क्षेत्रात तिसरे उत्तर तयार व्हायला १९७० चे दशक उजाडले. १९६९ साली कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांसाठी लवाद नेमले गेले. दोन्हींचे अध्यक्ष न्यायमूर्ती आर. एस. बचावत होते. गोदावरीच्या बाबतीत राज्यांनी आपसांत करार केले. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा करार ६ ऑक्टोबर १९७५ चा. गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे. त्यांच्या खाली आणि मांजरेवर निजामसागराच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या टापूत नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी. १९८० च्या अंतिम निवाड्यात हे करार सामावले गेले.

कृष्णेच्या निवाड्यात मात्र एक वेगळी ओळ होती : ३१ मे २००० नंतर या आदेशाचा फेरविचार करता येईल. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये पंचेचाळीस वर्षांची मुदत घातली. कावेरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये केलेले वाटप पंधरा वर्षांसाठी आहे. मराठेशाहीतल्या आणि दिवाणी कायद्यातल्या दोन्ही उत्तरांपेक्षा हा विचार मला अधिक प्रगल्भ वाटतो. त्या मुदतीपर्यंत सगळ्यांनी निर्धास्तपणे धरणे बांधावीत, पिके ठरवावीत. मुदत सरली की नवी आकडेवारी घेऊन एकत्र बसावे. पुन्हा बोलण्याचा दिवस निकालानेच नेमून ठेवला, म्हणजे हरलेल्याला त्यासाठी राज्य बदलण्याची वाट पाहावी लागत नाही आणि जिंकलेल्याला रोज धास्ती घेऊन जगावे लागत नाही.

बाभळीचा वाद या पार्श्वभूमीवर उभा राहिला. १९९५ साली मंजुरी मिळालेल्या या बंधाऱ्याचे काम पुढे सरकले तसा आंध्र प्रदेशाने आक्षेप घेतला : बंधारा पोचमपाडच्या फुगवट्यात येतो, तिथून पाणी ओढले तर ते आमच्याच जलाशयातून ओढल्यासारखे होईल. २००६ मध्ये आंध्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २००७ च्या अंतरिम आदेशाने बांधकाम चालू ठेवायला परवानगी दिली, दरवाजे बसवायला मात्र नाही. जुलै २०१० मध्ये तेलुगू देसमचे नेते चंद्राबाबू नायडू आपले आमदार-खासदार घेऊन बाभळीकडे निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. त्याच खटल्यात धर्माबादच्या न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्यावर अजामीनपात्र वॉरंट काढले. मधल्या काळात निकाल येऊन बंधारा चालूही झाला होता.

या वादात कोण काय म्हणत होते ते पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. २००६ ते २०१३ या काळात १९७५ चा करार झाला आहे, ६० टीएमसीत आम्ही काय करायचे ते आमचे आम्ही ठरवू, असे महाराष्ट्र म्हणत होता. बोलायला अजून जागा आहे, असे आंध्र म्हणत होता. २०१३ नंतर भूमिका उलटल्या. आता मराठवाड्याला तारखांवर बोलायचे आहे आणि पलीकडे निकालाचा आधार आहे. बेळगावच्या सीमाप्रश्नात तर महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल कर्नाटकाला अखेरचा वाटतो, आणि महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालवतो आहे. ज्याला निकाल सोयीचा तो दार लावतो, ज्याला गैरसोयीचा तो दार ठोठावतो. म्हणून चर्चा उघडी असावी की बंद, हे आपल्या बाजूला काय हवे यावरून ठरवता कामा नये. पैनगंगेच्या काठी, लेंडी नदीवर किंवा बेळगावात आपण जो नियम मागू, तोच बाभळीत मान्य करायची तयारी हवी.

तो नियम काय असावा? निकालानंतरचे बोलणे तीन प्रकारचे असते. पहिले, निकालाच्या वेळी उपलब्धच नसलेला पुरावा. दुसरे, नंतर बदललेली परिस्थिती. तिसरे, तेच गाऱ्हाणे पुन्हा. तिसऱ्याला सभेत, वर्तमानपत्रात, निवडणुकीत पूर्ण मुभा असावी, पण त्याने निकाल हलू नये. पहिल्या दोघांना मात्र निकालाच्या आतच जागा हवी.

बाभळीत पहिल्या प्रकारचा पुरावा रोज तयार होतो आहे. २०१३ मध्ये न्यायमूर्तींपुढे करार होते, नकाशे होते, अंदाज होते. पण दरवाजे टाकून पाणी अडवलेले एकही वर्ष नव्हते. आज दहाहून अधिक वर्षांचा अनुभव आहे. २९ ऑक्टोबरला ओघ किती होता, साठा किती झाला, १ मार्चला किती सोडले, पोचमपाड भरल्यावर फुगवटा बिलोली-धर्माबादच्या किती शिवारात चढला, हे आता वर्षवार मांडता येते. हवामान खात्याने १९०१ ते १९४० च्या नोंदींवर आधारलेल्या मान्सूनच्या तारखा २०२० मध्ये ताज्या नोंदी पाहून बदलल्या. ज्या शास्त्रावर पावसाळा कधी संपतो हे ठरते, त्याने स्वतःची तारीख तपासली. मग पावसाळ्यावर बेतलेली बंधाऱ्याची तारीख तपासण्यात न्यायालयाचा अवमान कसला?

दुसऱ्या प्रकारात प्रामाणिकपणाची कसोटी लागते. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले. २०१९ मध्ये कालेश्वरम प्रकल्प सुरू झाला आणि खालचे पाणी उपसून श्रीरामसागराकडे उलटे आणण्याची योजना पुढे आली. तेव्हा आपण म्हणू शकलो असतो की पोचमपाडला आता दुसरा आधार आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच प्रकल्पातल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले आणि तो युक्तिवादही खचला. परिस्थिती पाहायची म्हटल्यावर ती दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. निजामाबाद आणि जगत्यालच्या भातशेतकऱ्याची गरजही त्याच ताळेबंदात येते, आणि फेरतपासणीनंतर आपल्याला आजच्याहून कमी मिळण्याची शक्यता धरूनच तो ताळेबंद मागायचा असतो.

म्हणून बाभळीचा निकाल मोडा, असे मी म्हणत नाही. २.७४ टीएमसीची मर्यादा आणि पोचमपाडचा हक्क न्यायालयाने ठरवला आहे. तो पक्का राहू द्या. त्याच पक्केपणावर मराठवाड्याचे ६० टीएमसीही उभे आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्रिसदस्य समितीने दरवर्षीच्या नोंदी मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत काठावरच्या गावांसाठी जाहीर कराव्यात. दर दहा वर्षांनी त्या नोंदींवर दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकावे. १ जुलै, २८ ऑक्टोबर आणि १ मार्च या तीन तारखांमध्ये बदल सुचवायचा असेल, तर दोन्ही राज्यांनी मिळून तो न्यायालयापुढे ठेवावा. मेडीगड्डाची उंची ऑगस्ट २०१६ च्या करारात दोन्ही राज्यांनी समोरासमोर बसूनच ठरवली होती. म्हणजे हे अशक्य नाही.

गोतसभेने हरलेल्याला पुन्हा बोलणार नाही असे लिहून द्यायला लावले, कायद्याने त्याचे ऐकणे थांबवले, लवादांनी त्याला पुढची तारीख दिली. बाभळीच्या निकालात ही पुढची तारीखच नाही. ती घालून घेणे हे दोन्ही राज्य सरकारांचे काम आहे. निकालाने पाणी वाटले, भांडण थांबवले, एवढे त्याने केले. त्या वाटपाने कोणाच्या शेतात काय पिकले, हे सांगायचा हक्क मात्र शेतकऱ्याकडे दर हंगामाला नव्याने येतो, आणि तो ऐकून घेणारी जागा कायद्यात असलीच पाहिजे.