शिखराच्या काही फूट अलीकडे



कल्पना करा, तुम्ही कित्येक आठवडे बर्फात काढले आहेत. आजवर एकाही माणसाचे पाऊल पडलेले नाही असे शिखर समोर आहे आणि ते आता अवघ्या काही फुटांवर आले आहे. वाटेत अडथळा नाही. खालून कोणाला काही दिसण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही पुढे जाल की थांबाल?

२५ मे १९५५ रोजी दोन माणसे अशीच थांबली. शिखर होते कांचनजंगा, ८,५८६ मीटर, उंचीने जगात तिसरे. एक जॉर्ज बँड, केंब्रिजमध्ये शिकलेला; दुसरा जो ब्राउन, मँचेस्टरचा प्लंबर. सिक्कीमच्या लोकांसाठी हा पर्वत पवित्र. मोहीम नेपाळच्या बाजूने होती आणि परवानगीही नेपाळची होती. तरीही मोहिमेचे नेते चार्ल्स एव्हान्स यांनी सिक्कीमला शब्द दिला होता की माथ्यावर पाय ठेवणार नाही. तो शब्द दोघांनी पाळला. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर वर पोहोचले, तेही तिथेच थांबले. तरीही कांचनजंगावरील पहिली चढाई म्हणून जग या चौघांच्याच मोहिमेची नोंद करते.

रविवारच्या वंदनेनंतर ही गोष्ट मी आपल्या धम्मवर्गातील मुलांना सांगितली. एका मुलाने लगेच हात वर केला. "पण आपण तर देव-देवता मानत नाही ना? मग पर्वतावर देव राहतो म्हणून थांबायचे, ही अंधश्रद्धा नाही का?"

प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याला तो इतरांपेक्षा जास्त टोचला पाहिजे. "हे पवित्र आहे, याला स्पर्श करू नका" हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी जनावरांना चालत होते, आपल्या माणसांना चालत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि तो निषेध मोडला. मग तळ्याचा निषेध मोडणाऱ्यांचे वारसदार आपण, शिखराचा निषेध पाळणाऱ्यांचे कौतुक कसे करणार?

तुम्हीही थोडे थांबून या प्रश्नाचा विचार करा. मला जे उत्तर सुचले ते असे.

निषेध कोणावर आहे, हे आधी पाहावे. चवदार तळ्यावर काही माणसांना मज्जाव होता आणि बाकीच्यांना मोकळीक होती. कांचनजंगाचा माथा राजालाही वर्ज्य होता आणि रंकालाही. तिथे कोणी कोणापेक्षा हलका ठरत नव्हता. पाण्यावाचून माणूस जगत नाही, शिखरावाचून जगतो. आणि तळ्यावरची बंदी बलवानांनी दुर्बलांवर लादली होती. सिक्कीमची विनंती मात्र एका छोट्या राज्याने बाहेरून आलेल्या, साधनसंपन्न पाहुण्यांना केलेली होती. ती झुगारणे सोपे होते. म्हणूनच ती पाळण्याला किंमत आहे.

बँड आणि ब्राउन त्या देवतेला घाबरून थांबले असे दिसत नाही. त्यांनी माणसांना दिलेला शब्द पाळला. देवता आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी मुसावादा वेरमणी हे शील उरतेच. कोणी पाहत नसताना पाळलेले शील हेच खरे शील.

आता दुसरी बाजू पाहू. न चढलेल्या शिखराची ओढ वाईटच आहे का? तसे मी म्हणणार नाही. नकाशावर जिथे कोरी जागा आहे तिथे जाऊन पाहावे, ही माणसाची जिज्ञासा आहे. सिद्धार्थ गौतमही रुळलेल्या वाटा सोडूनच निघाले होते. एव्हरेस्टवर १९५३ साली पोहोचलेल्या तेनझिंग नोर्गे यांनी तिथल्या बर्फात मिठाई पुरून ठेवली, कृतज्ञता म्हणून. पाऊल तेच, मन कसे आहे त्यावर कर्म ठरते. बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे.

पण चेतना चांगली आहे असे आपण स्वतःला फार लवकर पटवून देतो. ७ जून १९२२ चा दिवस आठवा. एव्हरेस्ट तेव्हा कोणीही सर केलेले नव्हते. ब्रिटिश मोहिमेचे दोन प्रयत्न फसले होते. ताजे बर्फ पडलेले असतानाही जॉर्ज मॅलरी आणि साथीदार तिसऱ्यांदा निघाले. हिमप्रपात झाला आणि सात भारवाहक गेले. वाचलेल्यांत सर्व ब्रिटिश होते. त्यातले एक, डॉ. हॉवर्ड सॉमरवेल, यांना हीच गोष्ट खात राहिली: मेलेल्यांत आपल्यातला एकही कसा नाही? त्याच मोहिमेनंतर ते भारतात फिरले, इथली आजारी माणसे पाहिली, लंडनमधील भवितव्य सोडले आणि त्रावणकोरमधील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून अनेक वर्षे राबले. एका न गाठलेल्या शिखराने त्यांना हा रस्ता दाखवला, असे म्हणता येईल.

मग सगळीच शिखरे बंद करावीत का? भूतानने तसे केले आहे. १९९४ पासून तिथे ६,००० मीटरहून उंच पर्वतांवर आणि २००३ पासून सर्वच पर्वतांवर गिर्यारोहणाला बंदी आहे. ७,५७० मीटर उंचीचे गांगखर पुएनसुम अजूनही कोणी सर केलेले नाही. नेपाळमध्ये मात्र कित्येक शेर्पा कुटुंबांची चूल याच व्यवसायावर पेटते. तिथे दूर बसून "बंद करा" म्हणणे हा आपला अधिकार नाही. देशोदेशी उत्तर वेगळे असू शकते. विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात: ओझे कोण वाहतो आहे? जोखीम कोणाच्या जिवावर आहे? आणि तिथल्या माणसांना आपण विचारले का?

अंगुत्तर निकायात रोहितस्साची कथा आहे. बाणासारखा वेगवान, एका पावलात समुद्र ओलांडणारा हा ऋषी जगाचा शेवट शोधायला निघाला. शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मेला. बुद्ध त्याला सांगतात की चालून जगाचा शेवट गाठता येत नाही, पण तो गाठल्याशिवाय दुःखही संपत नाही. आणि हे सारे जग या वावभर देहातच आहे.

आपण घरदार सोडून इतक्या दूर आलो, तेही एका अर्थाने न चढलेले शिखरच होते. घराण्यात पहिल्यांदाच कोणी विमानात बसले, पहिल्यांदाच कोणी परदेशी पदवी घेतली. त्याचा अभिमान जरूर असावा. पण आपले ओझे कोणी वाहिले? गावाकडे एकटी राहणारी आई, शिक्षण सोडून कामाला लागलेला थोरला भाऊ. आणि आता पुढची बढती, आणखी मोठे घर, अजून एक शिखर दिसते, तेव्हा तो हात जिज्ञासेने पुढे होतो की तृष्णेने?

या आठवड्यात आनापान करताना दहा मिनिटे हा एकच प्रश्न मनाशी ठेवून पाहा: मी कोणाला शब्द दिला आहे आणि शिखर जवळ आले म्हणून तो विसरत तर नाही ना? एखादा फोन करायचा राहिला असेल तर तो आधी करा.

त्या मुलाने शेवटी विचारले, "मग ते हरले की जिंकले?" मी म्हटले, ते काही फूट अलीकडे थांबले, एवढे खरे. बाकीचे तू ठरव.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.