घट्ट धरणं आणि सोडून देणं

गर्भाच्या मज्जारज्जूतून निघालेला मज्जातंतू वाटेतले दहा स्नायू ओलांडून आपल्याच स्नायूपाशी कसा पोहोचतो? या प्रश्नानं विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रज्ञांना बरंच झुलवलं.

त्याचा माग सुरू होतो पेशी एकमेकींना कशा धरतात इथून. १९०७ साली एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळला. सुट्या पेशी पुन्हा गोळा झाल्या आणि नवा स्पंज तयार झाला. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या गर्भातल्या त्वचेच्या आणि मज्जासंस्थेच्या पेशी एकत्र कालवल्या; त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, मज्जासंस्थेच्या आत गेल्या. पेशींना आपलं-परकं कळतं, असा अर्थ निघाला. माल्कम स्टाइनबर्ग यांना तो पटेना. तेल आणि पाणी वेगळं होतं तेव्हा कोण कोणाला ओळखतं? एकमेकींना जास्त घट्ट धरणाऱ्या पेशी आपोआप आत सरकतात, एवढंच. रॉजर स्पेरी मात्र उलट टोकाला होते: प्रत्येक चेतापेशीवर स्वतःची रासायनिक खूण असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दोन्ही बाजूंकडे तर्क भरपूर होता, हातात रेणू एकही नव्हता. तो मिळाला काहीसा अपघातानं. क्योटोचे मासातोशी ताकेइची अमेरिकेत बाल्टिमोरला काम करू लागले, तेव्हा तिथं ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकरानं सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटेनात. तिथल्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए होतं, क्योटोच्या द्रावणात नव्हतं. कॅल्शियम असलं की पेशींना चिकटवणारं एक प्रथिन ट्रिप्सिनच्या तडाख्यातून वाचतं, हे त्यातून उमगलं. त्याच प्रथिनाला पुढे कॅडहेरिन हे नाव मिळालं. दुसरा एखादा ‘द्रावण खराब आहे’ म्हणून बाटली ओतून मोकळा झाला असता.

त्याच सुमारास प्रतिपिंडांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले जेरल्ड एडलमन कोंबडीच्या गर्भातल्या दृष्टिपटलाकडे वळले. त्यांच्या गटाला सापडलेला, पेशींना चिकटवणारा एन-कॅम हा रेणू रचनेनं प्रतिपिंडांचाच नातलग निघाला! मग तोच सगळ्याची किल्ली असावी, असं वातावरण झालं. १९९४ मध्ये एन-कॅमविना उंदीर जन्माला घातले गेले. ते जगले, मेंदूतला गंधकंद मात्र लहान राहिला. एका रेणूवर सगळा भार टाकायची हौस तिथं फिटली.

माझ्या मते या कथेतला सर्वांत मोलाचा प्रयोग लँडमेसर आणि रुटिशाउझर यांच्या गटाचा. एन-कॅमवर पॉलिसायलिक आम्लाची लांब साखळी असते. ती पेशींना एकमेकींपासून जरा दूर ठेवते, पकड सैल करते. कोंबडीच्या गर्भात स्नायूंकडे निघालेल्या तंतूंची वाटणी चालू असतानाच त्यांनी ही साखळी विकरानं छाटली. पकड घट्ट झाली, आणि तंतू चुकीच्या स्नायूंकडे गेले. म्हणजे वाट सापडायला चिकटण्याइतकीच सुटण्याचीही सोय लागते. इतकी वर्षं सगळ्यांचं लक्ष चिकटण्यावर होतं.

स्नायूकडचा हिशेबही असाच बदलता आहे. गर्भातल्या स्नायूभर एन-कॅम असतो. मज्जातंतूशी नीट जोड झाली की तो बहुतेक जोडाच्या जागेपुरता उरतो. मोठेपणी तो तंतू तुटला, तर स्नायूभर पुन्हा उगवतो. म्हणूनच स्नायूच्या बायोप्सीत तंतुविच्छेद झालेले किंवा नव्यानं भरून येणारे धागे ओळखायला आज एन-कॅम दाखवणारी रंगक्रियाही वापरतात.