फिरतीच्या माणसाचे घर कोणासाठी?

ज्या माणसाचे महिन्यातले बहुतेक दिवस रेल्वेच्या डब्यात, भाड्याच्या गाडीत आणि परगावच्या लॉजमध्ये जातात, त्याने आपले बिऱ्हाड कोणत्या शहरात थाटावे हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ पैशाच्या हिशेबाचा वाटतो. भाडे किती, स्टेशन किती लांब, मुलांच्या शाळेची फी किती, एवढे मांडले की उत्तर आपोआप हाती येईल असे मानले जाते. या मांडणीत एक गृहीतक मात्र न तपासताच स्वीकारलेले असते, ते म्हणजे घर हे जो त्याचे पैसे भरतो त्याच्यासाठी असते. जो घरी फारसा नसतोच, त्याच्या बाबतीत हे गृहीतक डळमळते, आणि मग परवडणे म्हणजे नेमके कोणाला परवडणे, हा मूळचा प्रश्न उघडा पडतो. तो धर्मविचाराच्या कक्षेतला प्रश्न आहे, कारण हिंडणे आणि वसणे यांचा परस्परसंबंध काय असावा याचा विचार भारतीय परंपरांनी फार बारकाईने केलेला आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न घरोघरी भेटतो. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे चंद्रपुरात यंत्रसामग्रीचे विक्रेते, कंत्राटदार, दुरुस्तीचे अभियंते यांची सतत ये-जा असते. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर असल्याने हे शहर फिरतीच्या माणसाला सोयीचे आहे, तर नियमित विमानसेवेसाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. नागपुरात राहून चंद्रपूरला, किंवा चंद्रपुरात राहून गडचिरोलीला ‘अपडाऊन’ करणारे नोकरदार असंख्य आहेत. शासकीय कर्मचाऱ्याने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहावे आणि तसे न राहिल्यास त्याला घरभाडे भत्ता द्यावा की नाही, हा वादही गडचिरोलीत नवा नाही. त्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते: गावाला माणूस हवा असतो, आणि त्या माणसाच्या मुलांना शाळा हवी असते.

धर्मशास्त्रकारांनी आश्रमव्यवस्थेत हिंडणारा आणि वसणारा यांना वेगळे केले होते. परिव्राजक, म्हणजे सर्वसंग सोडून फिरणारा संन्यासी, याला घर नसावे. गृहस्थाने मात्र एका जागी राहून उरलेल्या तिन्ही आश्रमांचे पोषण करावे, अशी ही वाटणी आहे. फिरतीवरचा व्यावसायिक या वाटणीत बसत नाही, कारण तो गृहस्थाचे कर्तव्य परिव्राजकाच्या रीतीने पार पाडतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये ‘अनिकेत’ हे एक लक्षण आले आहे. शंकराचार्य त्याचा अर्थ नियत निवासस्थान नसलेला असा घेतात, तर रामानुजाचार्य घरादारात आसक्ती नसलेला असा. पहिल्या अर्थाने हे लक्षण संन्याशालाच लागू पडते, दुसऱ्या अर्थाने ते संसारी माणसालाही लागू पडते. परंतु या दुसऱ्या अर्थाचा आधार घेऊन फिरतीच्या माणसाने ‘आपल्याला काय, कुठेही चालेल’ असे म्हणणे हा या विचाराचा गैरवापर आहे. घराविषयीची अनासक्ती ज्याची त्याने स्वतःपुरती साधायची असते. घरात मागे राहणाऱ्यांच्या वतीने अनासक्त होण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या प्रश्नावर सर्वांत उपयुक्त प्रकाश बौद्ध विनयातून पडतो. विनय म्हणजे भिक्षुसंघाच्या आचाराचे नियम आणि ते कोणत्या प्रसंगी घालून दिले गेले त्यांच्या कथा. या परंपरेचा उल्लेख येथे दूरचा म्हणून होत नाही. भद्रावतीजवळच्या टेकडीत विजासनची बौद्ध लेणी कोरलेली आहेत, आणि नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यामुळे या शहरातील हजारो कुटुंबांचा हा आजचा जिवंत धर्म आहे. बुद्धांनी आयुष्याची पंचेचाळीस वर्षे चारिका, म्हणजे गावोगावची पदयात्रा, केली. तरीही पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा वर्षावासाचा नियम त्यांनी घालून दिला. त्याचे कारण विनयात दिले आहे ते भिक्षूंच्या सोयीचे नाही: पावसात फिरणारे भिक्षू कोवळी रोपे आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार होती, आणि तिची दखल घेऊन हा नियम झाला. थांबण्याची गरज येथे फिरणाऱ्याच्या थकव्यातून आलेली नाही, तर त्याच्या फिरण्याचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांच्यामुळे आली आहे.

परंपरेनुसार बुद्धांनी उत्तरायुष्यातले सुमारे पंचवीस वर्षावास श्रावस्तीत केले, आणि तेथील जेतवन कसे निवडले गेले याची हकीकत तर फिरतीवरच्या व्यापाऱ्यापासूनच सुरू होते. श्रावस्तीचा धनिक सुदत्त, ज्याला अनाथपिंडिक म्हणत, कामानिमित्त राजगृहाला गेला असताना त्याची बुद्धांशी भेट झाली. परतल्यावर त्याने विहारासाठी जागा शोधली, आणि त्या शोधाच्या कसोट्या विनयात नोंदवलेल्या आहेत. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. ज्यांना यायचे आहे त्यांना सहज जाता-येता यावे. दिवसा गर्दी नसावी आणि रात्री गलबला नसावा. या यादीत स्वस्ताईचे नाव नाही. उलट राजकुमार जेताने जमीन सोन्याने झाकण्याची अट घातली, आणि अनाथपिंडिकाने गाड्या भरभरून नाणी आणून ती पसरली, असे कथा सांगते. ज्याच्यापाशी काहीही नव्हते त्याचे मुक्कामाचे ठिकाण असे सर्वांत महाग ठरले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. कथेचा हा भाग दानाच्या स्तुतीसाठी सांगितला जातो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की फिरणाऱ्याच्या घराची किंमत कोणीतरी मोजतच असतो, आणि ती कोण मोजतो हे त्याने जाणून घेतले पाहिजे.

गृहस्थासाठी हे अधिक नेमकेपणे सिगालोवाद सुत्तात आले आहे. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करीत असे. बुद्धांनी त्याला सांगितले की या दिशा म्हणजे आईवडील, गुरू, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण ही नाती आहेत. याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी ठेवावा असे सांगितले आहे, आणि पतीच्या पत्नीविषयीच्या पाच कर्तव्यांत घराचा अधिकार तिच्याकडे सोपवणे हे एक कर्तव्य मोजले आहे. फिरतीच्या संसाराला हे कर्तव्य तंतोतंत लागू पडते. जो दहा दिवस घरी आणि वीस दिवस बाहेर असतो, त्याने शहर निवडताना आपल्या गाडीच्या वेळापत्रकाला पहिले आणि घरच्यांच्या मताला शेवटचे स्थान द्यावे, हे या कसोटीवर टिकत नाही. आज फिरतीवर स्त्रियाही असतात आणि घर सांभाळणारे पुरुषही असतात. अधिकार मागे राहणाऱ्याचा, हे तत्त्व त्याने बदलत नाही.

चंद्रपूरच्या स्थापनेची दंतकथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा त्वचारोगाने त्रस्त होता. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या पात्रातील डबक्याचे पाणी त्याच्या अंगाला लागले आणि त्याला आराम पडला, हे राणीच्या ध्यानात आले. पुढे कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्याच कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला, तेव्हा त्या पाठलागाच्या वाटेवर कोट बांधून शहर वसवावे, असा सल्लाही राणीनेच दिला. इतिहास म्हणून या कथेला आधार मागता येणार नाही. परंतु लोकस्मृतीने नगर निवडण्याची दृष्टी शिकारीमागे हिंडणाऱ्या राजाला न देता राणीला दिली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

त्याच शहराचा आजचा हिशेब राणीच्या दृष्टीने मांडला तर तो बदलतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात, म्हणजे हवा, पाणी व जमीन यांच्या एकत्रित गुणांकनात, चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. मे महिन्यातील येथील पारा अनेकदा देशातील सर्वाधिक तापमानात मोजला जातो. सोमवारी पहाटे बॅग घेऊन निघणाऱ्याच्या वाट्याला ही हवा आणि हे ऊन थोडेच येते; वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी भुकटी झटकणारा, दुपारी कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतणारा आणि आजोबांचा दमा सांभाळणारा माणूस वेगळा असतो. घरभाड्यात वाचलेली रक्कम कोणाच्या श्वासातून वसूल झाली, हे विचारल्याशिवाय त्या भाड्याला स्वस्त म्हणणे योग्य नव्हे. याचा अर्थ चंद्रपूर निवडू नये असा नाही. ज्याचे आईवडील, सगेसोयरे, शेजार आणि विहार तेथे आहेत, त्याच्या घरच्यांना नागपूरचा चांगला फ्लॅटही एकटेपणाच्या रूपाने महाग पडू शकतो.

गडचिरोलीत वसण्याचा आणखी एक अर्थ जपलेला आहे. भामरागडच्या माडिया समाजात मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे केले जातात, आणि माणूस कोठेही कामाला गेला तरी त्याचे गाव पूर्वजांचे दगड जेथे आहेत तेच राहते. गावातील गोटूल, म्हणजे सर्वांच्या मालकीचे सामूहिक घर, आलेल्या पाहुण्यालाही आसरा देते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि त्या दिवसांत जो जेथे असेल तेथेच त्याचा वर्षावास होतो. घर निवडताना अंतर किलोमीटरमध्ये न मोजता संकटाच्या वेळी पोहोचता येईल का यावर मोजावे लागते, हे या भागाला कोणी शिकवावे लागत नाही.

आता एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज, चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा कारखाना आणि वडसा ते गडचिरोली हा नवा लोहमार्ग यांच्यामुळे बाहेरचे व्यावसायिक या जिल्ह्यात मुक्काम शोधू लागतात. महानगराच्या पगारावर जगणाऱ्याला तेथील खोली क्षुल्लक भाड्याची वाटते, म्हणून तो मागितलेले भाडे घासाघीस न करता देतो, आणि तोच दर पुढच्या वेळी खेड्यातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला आणि आरोग्य केंद्रातील परिचारिकेला सांगितला जातो. जेतवनाची किंमत अनाथपिंडिकाने स्वेच्छेने आणि जाणतेपणी मोजली होती. येथे ती मोजणाऱ्याला कोणी विचारलेलेच नसते. सिगालाला सांगितलेल्या सहा दिशांमध्ये शेजारी वेगळा मोजलेला नाही, पण मित्रांच्या दिशेत त्याला जागा आहे असे मानण्यास हरकत नसावी. तसे मानले, तर नव्या गावात घर घेताना घरमालकाशी बोलण्यापूर्वी त्या गल्लीत आधीपासून भाड्याने राहणाऱ्यांशी बोलणे हे फिरतीच्या गृहस्थाचे पहिले काम ठरते.