नाम, रूप आणि रुपयाचे चिन्ह

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मुळातच असतो की तो कोणीतरी ठरवलेला असतो, हा भारतीय दर्शनांतील फार जुना वाद आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांनी हा संबंध ‘औत्पत्तिक’ मानला, म्हणजे शब्दाबरोबरच असलेला, कोणा कर्त्याने न जोडलेला आणि म्हणून नित्य. वेद अपौरुषेय ठरवायचे तर मीमांसकांपुढे दुसरी वाटही नव्हती. गौतमाच्या न्यायसूत्रांनी त्याच संबंधाला ‘सामयिक’ म्हटले. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा असा समय, म्हणजे संकेत, ठरला आणि वापरणाऱ्यांनी तो पाळला, म्हणून अर्थ कळतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हा संकेत ईश्वराचा मानलेला आढळतो, तर नव्य नैयायिकांना त्यासाठी कोणाचीही इच्छा पुरेशी वाटली. ‘गाय’ किंवा ‘घट’ या शब्दांचा संकेत पहिल्यांदा कोणी केला हे पाहायला कोणीच हजर नसल्यामुळे दोन्ही पक्षांना अनुमानावरच भिस्त ठेवावी लागली. चलनाच्या चिन्हांची स्थिती मात्र निराळी आहे, कारण त्यांच्यापैकी काहींची जन्मतारीख सरकारी दप्तरात नोंदलेली असते, आणि लिनक्ससारख्या खुल्या संगणकप्रणालीत ती चिन्हे टंकण्यापासून पडद्यावर उमटण्यापर्यंतची प्रत्येक पायरी उघडून पाहता येते.

भारतीय रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याचा आराखडा आयआयटी मुंबईशी संबंधित डी. उदयकुमार यांचा, देवनागरी ‘र’ आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन ‘आर’ यांचा मेळ त्यात घातलेला आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत त्याला २०बी९ हा क्रमांक मिळाला. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला आणि चिन्हाला एकेक क्रमांक व एकेक नाव देणारी प्रमाणयादी. हे क्रमांक षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांनी लिहिले जातात. संकेत कोणी केला, कोणत्या दिवशी केला आणि कोणत्या यादीत नोंदवला, हे सर्व येथे लेखी आहे, तेव्हा नैयायिकाला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे अवघड.

तरीही मीमांसकाला येथे बोलण्याजोगे बरेच आहे. युनिकोडचा एक नियम असा, की एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही आणि एकदा दिलेले नाव बदलले जात नाही, मग ते चुकीचे ठरले तरी. स्पेनचा पेसेटा आणि ग्रीसचा द्राख्मा युरो आल्यावर व्यवहारातून गेले. त्यांची चिन्हे मात्र २०ए७ आणि २०एएफ या क्रमांकांवर आजही आहेत आणि पुढेही राहतील. म्हणजे चिन्हाचा जन्म न्यायमताप्रमाणे होतो आणि जन्मानंतरचे त्याचे आयुष्य मीमांसामताप्रमाणे चालते. दोन दर्शनांनी शतकानुशतके ज्या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्या, त्या एकाच वस्तूच्या दोन अवस्था असू शकतात, ही शक्यता जुन्या वादात फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. याच यादीत ¤ असेही एक चिन्ह आहे, ज्याचा अर्थ ‘कोणतेही एक चलन’ एवढाच. डॉलरचे चिन्ह आंतरराष्ट्रीय प्रमाणात सर्वांवर लादले जाऊ नये म्हणून त्याच्या जागी हे ठेवले गेले. निर्गुण रुपया म्हणावा असा हा प्रकार, आणि व्यवहारात तो फारसा कोणी वापरला नाही हे ओघाने आलेच.

आता नाम आणि रूप यांचा प्रश्न. वेदान्तात जगताचे वर्णन नामरूपात्मक असे केले जाते. संगणकात ही दोन अंगे खरोखरच वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. कळ दाबली की लिनक्सला प्रथम त्या कळेचा केवळ अनुक्रमांक कळतो. कळफलकाची मांडणी, म्हणजे कोणत्या कळेने कोणता वर्ण समजावा याची नोंदवही, त्या अनुक्रमांकाचे रूपांतर वर्णात करते. भारतीय इंग्रजीची रुपयासह असलेली मांडणी निवडली, तर उजवी ऑल्ट कळ धरून ४ दाबल्यावर ₹ मिळते. कंपोज कळ, म्हणजे दोन-तीन वर्ण एकामागून एक घेऊन त्यांचे एक चिन्ह करणारी कळ, नेमून घेतली, तर तिच्यानंतर मोठा ‘आर’ आणि बरोबरीची खूण दाबून तेच साधते. युरोसाठी ‘आर’च्या जागी ‘ई’ येतो. अनेक कार्यक्रमांत कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून २०बी९ असा क्रमांकच टंकता येतो, म्हणजे वस्तूला थेट नावाने हाक मारता येते. फायलीत साठतो तो हा क्रमांकच, यूटीएफ-८ या पद्धतीने तीन बाइटांत बसवलेला. पडद्यावर दिसणारी आकृती फायलीत कोठेच नसते. ती फाँटकडून येते, आणि निवडलेल्या फाँटमध्ये ती नसेल तर फाँटकॉन्फिग नावाची व्यवस्था दुसऱ्या एखाद्या फाँटमधून ती उसनी आणते. एफसी-लिस्ट या आज्ञेला क्रमांक सांगितला, की तो वर्ण कोणकोणत्या फाँटांत आहे याची यादी मिळते.

नाम आणि रूप यांचा हा विचार संगणकाच्या फार आधीचा आहे. मराठवाड्यातील बीड तालुक्यात लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे गाव आहे, आणि गणेशोपासनेत सर्वाधिक म्हटल्या जाणाऱ्या अथर्वशीर्षात याच प्रश्नाचा एक विचार आलेला आहे. त्यातील ‘गणेशविद्या’ हा भाग ‘गं’ या बीजाक्षराची घडण सांगतो: आधी गकार, मग अकार, त्यानंतर अनुस्वार, त्यावर अर्धचंद्राची शोभा आणि भोवती प्रणवाचे वेष्टन. कपाळी चंद्र असलेल्या देवतेच्या बीजावर अर्धचंद्र असणे स्वाभाविकच. छापील पोथ्यांत मात्र बहुधा नुसता टिंबाचा अनुस्वार दिसतो. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक ०९०२ आणि चंद्रबिंदूचा ०९०१ असा वेगळा आहे, तेव्हा कोणता टंकला हे नंतर लपत नाही. ‘गं’ टंकताना अकाराची मात्र वेगळी नोंद होत नाही, कारण तो गकारातच अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेला असतो. महत्त्वाची बाब ही, की अथर्वशीर्ष अक्षर कसे दिसते हे सांगण्याआधी ते कोणत्या क्रमाने उच्चारावे हे सांगते. युनिकोडनेही तोच पक्ष घेतला. ‘गणपति’ या नावातील शेवटची वेलांटी डोळ्यांना ‘त’च्या डावीकडे, म्हणजे आधी दिसते, फायलीत ती ‘त’च्या नंतर साठते, कारण ती नंतर उच्चारली जाते. डोळ्याला दिसणारा क्रम रूपाचा आणि साठवलेला क्रम नामाचा, हा भेद देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येक संगणकात घडोघडी पाळला जातो.

नाम राहिले आणि रूप मिळाले नाही, तर काय होते हेही पाहण्यासारखे आहे. कोणत्याच फाँटमध्ये ती आकृती नसेल तर लिनक्सवरील पुष्कळसे कार्यक्रम एक लहान चौकोन काढतात आणि त्यात २०बी९ हे चार अंक मांडतात. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर तर आकृती न मिळणे नेहमीचेच, कारण तेथील फाँटमध्ये एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्याच मावतात. अनेकांना हा चौकोन म्हणजे बिघाड वाटतो. वस्तुतः व्यवस्थेने तेथे पूर्ण प्रामाणिकपणा राखलेला असतो. महाराष्ट्रात शेंदराने माखलेल्या तांदळ्याला, म्हणजे अवयव न घडवलेल्या पाषाणाला, गणपती किंवा देवी म्हणून पुजतात, तेव्हाही रूप अव्यक्त असते आणि नावाविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. चौकोनातल्या त्या मजकुराला पुढे कधीही योग्य फाँट मिळाला, की एकही अक्षर न बदलता रूप प्रकट होते. वारकरी परंपरेने नामाला रूपाहून वरचे स्थान दिले, त्यामागची कारणे अर्थातच भक्तीची आहेत. परंतु नाम टिकले तर रूप परत मिळवता येते, या तिच्या विश्वासाला येथे एक ऐहिक पुरावा मिळतो.

उलट प्रकार अधिक घातक. २०१० च्या जुलैत चिन्ह जाहीर झाले, तेव्हा त्याला क्रमांक मिळायला अजून अवकाश होता, आणि त्या मधल्या काळात काही फाँटांनी टॅबच्या वर असलेल्या उलट्या स्वराघाताच्या कळेवर रुपयाची आकृती बसवून दिली. तो फाँट असेपर्यंत रुपया दिसे. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की रकमेपुढे एक तिरपी बारीक रेघ उरे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्यांनी ज्याला अध्यास म्हटले, म्हणजे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचा भास, त्याचे हे नेमके उदाहरण आहे. शिंपल्याच्या ठायी चांदी भासते हा तेथील दृष्टांत, आणि रुपयाच्या बाबतीत तर तो अक्षरशः लागू पडतो. मराठी मुद्रणाने हा अध्यास दशकानुदशके सोसला: युनिकोडपूर्व मराठी फाँटांत रोमन वर्णांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या चढवलेल्या असत, वेलांटीही दिसेल त्या क्रमाने आधीच टंकली जाई, आणि त्या काळातील पुष्कळ मजकूर आज फाँटाअभावी रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन पडला आहे. ज्या बीड जिल्ह्यात आंबेजोगाईला विवेकसिंधुकार मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते, म्हणजे मराठीतून अद्वैत मांडण्याची परंपरा जेथे आपले मूळ सांगते, तेथील वाचकाला भासाची ही कल्पना नव्याने समजावून सांगावी लागू नये. येथे एक सावधगिरी हवी. वेदान्ताच्या अंतिम दृष्टीने नाम आणि रूप दोन्हीही उपाधीच, म्हणजे सत्यावर आलेली बाह्य आवरणे. नामाचे येथे सांगितलेले श्रेष्ठत्व व्यावहारिक पातळीवरचेच आहे.

नाम आणि रूप दोन्ही शाबूत असूनही चिन्ह निकामी होऊ शकते, कारण दोहोंच्या बाहेर संकेत उभा असतो. ₹ चे तीन बाइट एखाद्या कार्यक्रमाने जुन्या पाश्चात्त्य संकेतनाप्रमाणे वाचले, तर टोपी घातलेला ‘ए’, स्वल्पविरामासारखी खूण आणि वर चढवलेला लहान १ अशी तीन परकी चिन्हे उमटतात. लिहिणाऱ्याचे काही चुकलेले नसते, वाचणाऱ्याने वेगळा करार धरलेला असतो. चलनाच्या बाबतीत हा करार आणखी खोल जातो, आणि मराठवाड्याने तो स्वतः अनुभवला आहे. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना तेथे निजामाचा हाली सिक्का चाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. संस्थानच्या नोटांवर किंमत उर्दूबरोबर मराठीतही छापलेली असे. १९४८ च्या विलीनीकरणानंतर १९५० मध्ये भारतीय रुपया तेथे आला, सात हाली म्हणजे सहा कलदार असा दर ठरला, आणि १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा रद्द झाला. त्या दिवशी नोटेवरचे एकही अक्षर पुसले गेले नव्हते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटांचेही तेच झाले. हाली रुपयाच्या नाण्यात निदान चांदी होती, म्हणून संकेत गेल्यावरही सोनाराकडे त्याला काही मोल राहिले; नोटेला तेवढाही आधार नव्हता. मीमांसकाचा नित्य संबंध युनिकोडच्या यादीत सापडतो, तिजोरीत सापडत नाही.

यावरून एक व्यावहारिक निर्णय निघतो, आणि मराठवाड्यातील देवस्थानांची व सावकारांची जुनी मोडी दप्तरे संगणकावर उतरवू पाहणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले आहे. पाव, अर्धा, पाऊण आणि रुपयाचा सोळावा भाग म्हणजे आणा, यांच्या जुन्या हिशेबी खुणा त्याआधी २००९ मध्येच ए८३० पासूनच्या क्रमांकांवर आल्या असून वह्यांतील रुपयाच्या जुन्या खुणेसाठी ए८३८ हा क्रमांक आहे. फाँट हाताशी नसेल तर चौकोन दिसू द्यावेत, क्रमांक मात्र हेच टंकावेत. चित्र चिकटवू नये किंवा दिसायला जवळचे दुसरे चिन्ह वापरू नये. निजामकाळातील रकमेपुढे २०१० चे ₹ घालणे तर सरळ चूक आहे. हाली सिक्क्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह नाही, म्हणून रक्कम हाली आहे की कलदार, हे वहीत ज्या शब्दाने लिहिले असेल त्याच शब्दाने पुढे लिहावे.